वजनावर घेतलेली पॉवर बँक

मिरज

वर्ध्याला बघण्यासारखं काय आहे, असं निघण्याआधी मला निदान दहा जणींनी विचारलं असेल. कुणी महाबळेश्वरला जातं, कुणी गोव्याला, आणि ही बाई भर श्रावणात वर्ध्याला का निघालीय, हे काही कुणाला समजेना. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. आमच्या वन्संना त्यांच्या जुन्या मैत्रिणीला भेटायचंय, मी सोबत चाललेय. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की माझ्या मुलीला, मुक्ताला, वर्ध्याजवळच्या शेतकी कॉलेजात जागा मिळाली होती, आणि ती घ्यायची की सोडायची हे गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं. मी तिथे खोट काढायला चालले होते.

खोट निघाली असती तर मुक्ताची सोय तयार होती. सांगलीचं कॉलेज, घरापासून अर्धा तास, संध्याकाळी पोरगी घरी. एकुलती एक आहे हो. पण तिने अर्जात पहिलं नाव वर्ध्याचं टाकलं आणि नेमकं तेच लागलं. मी म्हटलं, आधी मी डोळ्यांनी बघून येते, मग काय ते ठरवू. तिला बरोबर नेलं नाही, कारण ती चार झाडं बघून भुलली असती. शिवाय अर्ज भरताना मोबाईल नंबर माझा दिला होता. म्हणजे जागा पक्की करायचा ओटीपी माझ्याच फोनवर येणार, आणि मी तो सांगितल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. किल्ली माझ्या कमरेला होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

फोन मात्र माझा म्हातारा झालेला. सकाळी पूर्ण भरला तर दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो, मग लाल होतो. म्हणून प्रवासाला पॉवर बँक हवी. आमचे हे म्हणाले, "चांगल्या दुकानातून घे, बिल घे, मागे शिक्का आहे का बघ." मी गेलेही चांगल्या दुकानात. तिथल्या माणसाने एक चपटी, बिस्किटाच्या पुड्याएवढी पॉवर बँक हातात दिली. दहा हजारांची म्हणे. ते दहा हजार म्हणजे तिच्यात वीज किती मावते त्याचा आकडा, किंमत नव्हे, हेही मला तेव्हा कळलं. पण उचलली तर हलकी फूल. यात काय असणार, असं म्हणून मी ठेवून दिली.

बाहेर स्टँडच्या कोपऱ्यावर एक जण चादरीवर वस्तू मांडून बसला होता. त्याच्याकडच्या पॉवर बँकेवर चक्क पन्नास हजार छापलेलं, चार निळे दिवे, वर टॉर्च, आणि वजन असं की मनगट वाकलं. मी तीस वर्षं मंडईतून भाजी आणतेय. भोपळा हातात घेतला की तो आतून कसा आहे ते मला कळतं. मी त्याच हिशेबाने ती घेतली. घरी आल्यावर ह्यांनी ती हातात तोलली आणि म्हणाले, "ही प्रवासाला नेणार? त्यापेक्षा पाटा ने." मी म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतंय, आणि ती पर्समध्ये घातली. पर्सचा बंद त्या दिवसापासून खांद्यात रुतायला लागला.

वर्धा, मंगळवार

गाडीतलं काही सांगत नाही, सगळ्या गाड्या सारख्याच. सकाळी वर्ध्याला उतरलो, स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि नाश्त्याला बाहेर पडलो.

इथे पोहे खायचे तर तर्री पोहे. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, झालं. इथे पोह्यांच्या ढिगावर लालभडक हरभऱ्याचा रस्सा ओततात, वरून कच्चा कांदा. आमच्याकडे तर्री मिसळीला असते, पोह्यांच्या वाटेला कुणी जात नाही. मी मनातल्या वहीत पहिली खोट लिहिली. जेवण तिखट, पोरीच्या पोटाचं काही खरं नाही. वन्संना पित्ताचा त्रास. त्या साठी उलटलेल्या निवृत्त शिक्षिका, पथ्यपाण्याच्या एकदम कडक. त्यांनी पहिली प्लेट संपवली आणि दुसरी मागितली.

"तर्री अजून टाकू का, ताई?" गाडीवाल्याने मला विचारलं.

"टाका," मी म्हटलं. खोट पूर्ण तपासायला नको का?

मग ऑटोने कॉलेजवर गेलो. शहर मागे पडल्यावर दोन्हीकडे कडुनिंब, मध्ये सोयाबीन आणि कपाशीची वावरं. वावर म्हणजे शेत. माती काळीकुट्ट. आमच्याकडेही काळी माती आहे, पण तिच्यावर उसाचं रान उभं असतं, पलीकडचं दिसत नाही. इथे नजर लांबवर जाते. मला ते छान वाटलं आणि मग छान वाटल्याचा राग आला.

मुलींच्या होस्टेलच्या ओट्यावर एक मुलगी केस वाळवत बसली होती. दुसऱ्या वर्षाची, चंद्रपूरकडची.

"कोणाच्या मम्मी तुम्ही?" तिने विचारलं.

"अजून इथल्या कुणाचीच नाही," मी म्हटलं. ती हसली आणि न सांगता खोली दाखवायला उठली.

मी एकेक चौकशी सुरू केली. पाणी येतं का? "येते न, पण सकाळी लवकर उठा लागते." जेवण कसं? "वरण रोज पातळ राह्यते. भाजीचं मी काई बोलत नाई." मला हुरूप आला. म्हटलं, घरची आठवण येत असेल.

"पहिले पंधरा दिवस लय आली," ती म्हणाली. "मी तं बाथरूममंदी जाऊन रडो. आता सुट्टीत घरी गेली का इथली येते."

हे उत्तर कोणत्या बाजूला लिहायचं ते मला समजेना. तेवढ्यात मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. तिला खोली दाखव, गच्ची दाखव, खिडकीतून दिसणारं पेरूचं झाड दाखव, असं करत पाऊण तास गेला. मुक्ता पलीकडून नुसती "अय्या" आणि "बघ ना आई" करत होती. फोन लाल झाला.

पवनार, बुधवार

पवनारला वर्ध्याहून बसने पटकन पोचता येतं. धाम नदी श्रावणात भरून चाललेली, पात्रातले काळे खडक पाण्याखाली, आणि वर उंच काठावर आश्रम. आमची कृष्णा रुंद आणि संथ, हिला मध्येच खडकांशी भांडायची सवय. आश्रम बायकांनीच चालवलेला. शेत त्या कसतात, स्वयंपाक त्या करतात, सूत त्या काततात. जमीन खणताना सापडलेल्या जुन्या दगडी मूर्ती जपून ठेवल्यात. कुठे पाटी लावून मिरवणं नाही.

पडवीत एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ. कुठून आलात, असं विचारलं. मिरज म्हटल्यावर म्हणाल्या, "तंबोऱ्यांचं गाव." आणि अर्धी परात आमच्याकडे सरकवली. पाहुणे आले की आधी चहा, हे मी जन्मभर पाहिलंय. पाहुण्यांना आधी शेंगा सोलायला बसवणं इथेच पाहिलं. पण हाताला काम असलं की बोलणं आपोआप होतं. मी त्यांना मुक्ताचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, सल्ला वगैरे काही दिला नाही. फक्त विचारलं, "तिला काय हवंय?" मी म्हटलं, तिला इथे यायचंय. "मग तुम्ही काय पाहायला आलात?" त्या म्हणाल्या. मी शेंगा सोलत राहिले.

नदीचे फोटो काढता काढता फोन चाळीस टक्क्यांवर आला. मी ऐटीत पॉवर बँक काढली, वीतभर वायर लावली. चारही निळे दिवे पेटले. अर्ध्या तासाने बघितलं तर एक्केचाळीस. दिवे चारच्या चार. वन्सं म्हणाल्या, "अलका, ही भरतेय की नुसती बघतेय?" त्यांचं बोलणं असंच, वर्गातल्यासारखं. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे, आठवड्यातून एकदा भरतात, त्याचा त्यांना फार अभिमान. मी म्हटलं, माझा फोनच जुना, पॉवर बँक काय करणार?

मग मी जे केलं ते ऐकून आमचे हे अजून हसतात. लॉजच्या खोलीत दोन सॉकेट, त्यातलं एक मेलेलं. झोपायच्या आधी मी विचार केला की फोन भरण्यापेक्षा पॉवर बँक भरावी. पन्नास हजार म्हणजे पिंप, फोन म्हणजे तांब्या. पिंप भरलं की तांब्याची चिंता कशाला? रात्रभर मी पिंप भरलं. सकाळी फोन एकवीस टक्क्यांवर होता.

केळझर, गुरुवार

वन्संची मैत्रीण सिंदीला राहते. सिंदी रेल्वे म्हणतात त्या गावाला, कापसाच्या बाजाराचं. वाटेत केळझरच्या गणपतीला थांबायचं ठरलं. टेकडीवर देऊळ, चहूकडे हिरवं, खाली तळं. बकासुर जिथे गाडाभर भात खायचा ती एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव, असं इथले लोक अगदी परवाची गोष्ट असल्यासारखं सांगतात. हाराच्या दुकानातली बाई म्हणाली, "भीमानं इथीच मारला त्याले." मी विचारलं, कुठे? तिने हाराच्या दोऱ्यानेच टेकडीखालची दिशा दाखवली.

फोन सकाळपासून त्या विटेला बांधलेला होता आणि तरी उतरत होता. मुक्ताने सकाळी मेसेज केला होता. "सायबर कॅफेत चारला नंबर लागेल. ओटीपी दहाच मिनिटं चालतो. फोन हातात ठेव आई." पायऱ्या चढताना दोन टक्के होते. गाभाऱ्यातून बाहेर आले तर पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही. पॉवर बँकेचे चारही दिवे झकास पेटलेले.

आता खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. मी काही केलं नव्हतं, फोन आपला आपण बंद पडला होता. पाच वाजून जातील, जागा जाईल, मुक्ता दोन दिवस रडेल आणि मग सांगलीला जाईल. रोज संध्याकाळी घरी येईल. कुणी मला बोल लावणार नाही. मी पुन्हा आत जाऊन गणपतीपुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच ठरेना, तशीच बाहेर आले.

वन्संनी माझ्याआधी धावपळ सुरू केली होती. हारवालीकडे चार्जर होता, पण लाईन, म्हणजे वीज, गेली होती. "दुपारपासून नाई," ती म्हणाली. "आली तं आली." शेजारच्या चहावाल्याकडेही तेच. तेवढ्यात वन्संचा बटणांचा फोन वाजला. मुक्ता होती. वन्संनी सगळं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

मुक्ताने विचारलं, "आई, तू मुद्दाम बंद नाही ना ठेवलास?"

मला संताप आला. आणि मग लक्षात आलं की संताप कशाचा आलाय. मी फोन वन्संकडे परत दिला. वन्सं माझ्याकडे बघत मुक्ताला म्हणाल्या, "तू कॅफेतच थांब, बाळ. साडेचारपर्यंत सिंदीला पोचतो, तिथे लाईट असेल." मग मला म्हणाल्या, "ऑटो बघ."

ऑटोत त्या माझ्या शेजारी बसल्या. मग बाहेर बघत म्हणाल्या, "मला पुण्याला शिकायला पाठवलं तेव्हा आई आठ दिवस धड जेवली नव्हती. पण गाडीत बसवायला तीच आली होती." एवढंच. मला चिमटा काढायला त्या बोलल्या नव्हत्या. माझी सासू मी पाहिलेली, तिचं न जेवता राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी ऑटोवाल्याला म्हटलं, दादा, जरा जोरात घ्या.

सिंदीच्या वाटेवर

जोरात घेतली आणि चाक बसलं. सव्वाचार वाजलेले. दोन्हीकडे कमरेएवढी कपाशी, माणूस दिसेना.

"पंचर झाली, ताई," ऑटोवाला उतरून म्हणाला. "स्टेपनी कालच दिली बनवाले. सिंदीवरून कोणाले बोलावतो, अर्धा तास लागन."

अर्ध्या तासाने पावणेपाच, पुढे सिंदी, मग फोन भरणार कधी आणि चालू होणार कधी. ऑटोत मोबाईलचा चार्जर होता, पण त्याची वायर उंदराने खाल्लेली. मी रडकुंडीला आले आणि त्या माणसाला सगळी हकिगत सांगितली, मुलगी, जागा, पाच वाजता, सगळं. त्याने डोकं खाजवलं. मग रस्त्याच्या कडेला जाऊन कपाशीत हाक मारली, "ओ देवराव! पंप चालू आहे का?"

कपाशीतून एक टोपी वर आली.

"चार्जिंग तं त्याच्या पाठीवर आहे, ताई," ऑटोवाला म्हणाला. "चला."

इकडे कपाशीवर फवारणी करायचा पंप पाठीवर घेतात. हाताने दांडा मारायचा पंप मी आमच्याकडे पाहिला होता, हा बॅटरीचा. टाकीच्या बुडाला चांगली दांडगी बॅटरी. देवरावांनी तिला मोटारीत असतो तसला मोबाईलचा चार्जर जोडून घेतला होता, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून. त्यांची बायको शोभाबाई बांधावर बादलीत निंबोळीचा अर्क ढवळत होती. कडू वासाने डोकं भणभणलं.

"दिवसभर वावरात राह्यतो," देवराव म्हणाले. "मोबाईल बंद पडला का हे शिव्या देते. म्हणून लावून घेतला."

"देतेच," शोभाबाई म्हणाली. "मंग जेवाले कसं बोलवू याले?"

मी वायर लावली. फोनवर लाल बॅटरीचं चित्र उगवलं. मी म्हटलं, पंप खाली ठेवा दादा, इथेच बसते. देवरावांनी मान हलवली. "इथी ठेवून काय करता? या धुऱ्यावर टॉवर भेटत नाई. तिकडं विहिरीपाशी भेटते. मले तसंबी तिकडंच जायचं आहे, ही ओळ मारून." धुरा म्हणजे बांध.

"आज कालवलेला अर्क आजच मारा लागते," शोभाबाईने मला समजावलं. "तुम्ही मागून चाला. काई होत नाई, निंबोळी आहे."

झालं. वायर वीतभर. ती पंपाच्या बुडाशी, फोन माझ्या हातात. देवराव पुढे, नळी डावीकडे-उजवीकडे फिरवत. मी त्यांच्या पाठीला चिकटून, कमरेत वाकून. काळ्या मातीने चार पावलांत चपला ओढून घेतल्या, त्या शोभाबाईने मागून उपटल्या आणि माझ्या पर्ससकट हातात घेतल्या. पर्स उचलल्यावर ती म्हणाली, "काय भरलं यात, बाप्पा?" तिच्यामागे वन्सं, एका हाताने निऱ्या वर धरून, दुसऱ्या हातात बटणांचा फोन, त्याची कंपनी वेगळी, त्याला टॉवर होता. त्यावर मुक्ता, आणि वन्सं तिला सगळा वृत्तांत देत होत्या. "आता तुझी आई एका गृहस्थांच्या मागे कपाशीतून चाललीय. नाही, चालतच. हो, वायर आखूड आहे."

लाल चित्र तसंच. दहा पावलं, वीस पावलं. माझ्या कानाशी पंपाची घरघर, तोंडावर कडू तुषार. त्या ओळीत मी पहिल्यांदा मनापासून म्हटलं की फोन चालू होऊ दे. केळझरला देवासमोर जे सुचलं नव्हतं ते इथे देवरावांच्या पाठीमागे सुचलं. मुक्ताने विचारलेलं खरं होतं आणि ते मी तिला खोटं करून दाखवायला हवं होतं.

अर्ध्या ओळीत पडदा उजळला. "चालू झाला," मी ओरडले. देवराव दचकून थांबले आणि फवारा वन्संच्या पातळावर गेला.

"चाला, चाला," शोभाबाई म्हणाली. "अजून टॉवर कुठी आहे?"

विहिरीपाशी पोचलो. पडद्यावर एक काडी आली, मग दुसरी. वन्संनी मुक्ताला सांगितलं, "दाब." आम्ही चौघं त्या फोनकडे बघत उभे. देवरावांनी पंप बंद केला होता, त्यामुळे एकदम शांत झालं. मग तो टुंग वाजला.

सहा आकडे. मी एकेक वाचायचा, वन्संनी तो शुद्धलेखन सांगतात तसा फोनमध्ये म्हणायचा. चौथ्या आकड्याला माझा आवाज गेला.

"अलका, स्पष्ट सांग," वन्सं म्हणाल्या.

मी सांगितला. पाचवा सांगितला. सहावा सांगितला. पलीकडे सायबर कॅफेतला पंखा ऐकू येत होता. मग मुक्ता म्हणाली, "झालं, आत्या. आलं पान." पाचला दहा-बारा मिनिटं बाकी होती.

माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. हात निंबोळीने बरबटलेले, पुसायचीही सोय नाही.

"काऊन रडून राह्यल्या, बाई?" शोभाबाईने विचारलं. "जागा भेटली न पोरीले?"

"भेटली," मी म्हटलं. "वर्ध्याला. मिरजेहून इतक्या लांब."

"मंग आपल्या इकडंच येऊन राह्यली ते." तिने आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. "वावर पाहून घ्या आमचं. सुट्टीत पाठवजा तिले, इथून सिंदी पायी जाता येते."

वन्संनी फोन माझ्या कानाला लावला. "आई," मुक्ता म्हणाली, "मघाशी तसं बोलले ना मी, चुकलं माझं."

"तू खरं तेच बोललीस," मी म्हटलं. "चुकलं माझं."

मग ती म्हणाली, मागे रांग आहे, ठेवते.

संध्याकाळी सिंदीला पोचलो तेव्हा वन्संच्या मैत्रिणीने आमचे अवतार बघून आधी न्हाणीघर दाखवलं आणि मगच वन्संना मिठी मारली. पाटवड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. तिखट होता. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि मनातल्या वहीत काहीही लिहिलं नाही.

पुन्हा वर्धा

शुक्रवारी परतीच्या गाडीआधी मी बाजारात मोबाईलच्या दुकानात गेले. जाडजूड, चष्मा लावलेले दुकानदार. मी ती वीट काउंटरवर ठेवली. त्यांनी ती कानाजवळ हलवली, हसले, बारीक स्क्रू काढले. आत बोटाएवढी एक बॅटरी, आणि उरलेल्या जागेत सिमेंटची वडी, व्यवस्थित कागदात गुंडाळून.

"वजन पाहून घेतली वाटते," ते म्हणाले.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. "छापलेला आकडा पाहूच नका. दहा हजार लिहिलं असन तं फोनले सहा-साडेसहा भेटते, बाकी गरम होण्यात जाते. तुमच्या फोनले तेवढी एक डाव पूर्ण भरून वर उरते. वीस हजारवाली घ्यायची तं घ्या, दोन-तीन दिवस लाईन नाई अशा जागी जात असान तं. रोज पर्समंदी न्यायची तं दहाचीच बरी. मागं सरकारी शिक्का पाहा, कंपनीचा पत्ता पाहा, बिल घ्या. फुगली तं लगेच फेका. उशीखाली ठेवू नका. अन् वायर जरा लांब घ्या."

"वायर हातभर द्या," मी म्हटलं. मग त्यांना कपाशीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती कौतुकाने ऐकली आणि शेवटी विचारलं, "ताई, तुमचं सिम काढून बाईंच्या फोनमंदी काऊन नाई टाकलं?"

मी वन्संकडे बघितलं. वन्संनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई आणि पोटची पोर शेतकी पदवीला पाठवणारी मी. आम्हाला दोघींना हे सुचलं नव्हतं.

"दोन पॉवर बँका देऊ?" त्यांनी विचारलं.

"एकच," मी म्हटलं. "मुलीसाठी."

मिरज

मुक्ताची बॅग भरताना मी ती वरच ठेवली, हातभर वायरीसकट. दुकानदारांनी सांगितलेलं सगळं तिला पाठ म्हणून दाखवलं. शिक्का, उशी, फुगणं. तिने निमूट ऐकलं, कपड्यांच्या घड्या नीट केल्या, आणि पॉवर बँक बाहेर काढून माझ्या हातात दिली.

"ही तू ठेव, आई," ती म्हणाली. "होस्टेलला लाईट असते, माझा फोन चालूच राहील. मला रडू आलं आणि मी तुला लावला, तर तुझा लागला पाहिजे."

मी ती पर्समध्ये टाकली. हलकी आहे, खांद्याला जाणवतसुद्धा नाही. आठवड्यातून दोनदा भरते. तिला जाऊन दोन महिने झाले, फोन अजून एकदाही बंद पडलेला नाही.